पितळी पाटी आणि तीन कोटेशनं

पत्राचा सारांश: पत्र इंदूरच्या एका वाचक भगिनीचं आहे. वय ४३, खासगी शाळेत शिक्षिका. यजमान पीथमपूरच्या एका कारखान्यात परचेस विभागात. कुटुंब मूळ नगरकडचं, पण तीन पिढ्यांपासून इंदुरात. घरात मराठी, चर्चमध्ये हिंदी. सासरे त्या चर्चचे जुने सभासद, काही वर्षं खजिनदारही. मे २०२१मध्ये ते कोरोनाने गेले. पुढच्या वर्षी त्यांच्या स्मरणार्थ घरच्यांनी चर्चला बारा सागवानी बाकं दिली. खर्च १ लाख ३२ हजार. पहिल्या बाकावर पितळी पाटी. मागच्या वर्षी दुरुस्ती निघाली, बाकं जाऊन गादीच्या खुर्च्या आल्या. बाकं विकली म्हणतात. कुणाला आणि कितीला, ते कळत नाही. पाटी स्टोअररूममध्ये रंगाच्या डब्यांमागे सापडली. यजमानांनी महिन्याचा चंदा बंद केला. त्यावर सेक्रेटरींनी माइकवरून सांगितलं, की चंदा न देणाऱ्यांनी लग्ना-मयतीला चर्चकडून अपेक्षा ठेवू नये.

यजमान आता इंदूरच्याच विजयनगर भागातल्या एका हॉलमध्ये भरणाऱ्या नव्या फेलोशिपला, म्हणजे स्वतंत्र चर्चला, जाऊ म्हणतात. तिथे एसी, बँड, मुलांचा वर्ग, पार्किंग असं सगळं आहे. दर रविवारी दशमांशावर, म्हणजे मिळकतीचा दहावा हिस्सा देवाला देण्यावर, संदेश असतो, ‘पेराल त्याच्या शंभरपट मिळेल’ असा. चौदा वर्षांच्या मुलीला ती जागा आवडते. ७४ वर्षांच्या सासूबाई म्हणतात, ‘मंडळी म्हणजे काय छप्पन दुकान आहे का रे?’ (मंडळी म्हणजे चर्चचा समुदाय, छप्पन दुकान म्हणजे इंदूरचा खाऊबाजार.) त्यांचा खरा जीव महिन्यातून एकदा घरोघरी फिरणाऱ्या मराठी प्रार्थनासभेत. तिथे सगळे सतरंजीवर बसतात, यांना गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही, पण एकही सभा चुकवत नाहीत. भगिनी स्वतः, ‘उजव्या हाताचं डाव्याला कळू नये’ म्हणत, यजमानांना न सांगता दरमहा १५०० रुपये लिफाफ्यात घालून जुन्या चर्चच्या थाळीत टाकतात. त्यांचे प्रश्न: नवऱ्याचं हे गिऱ्हाइकासारखं वागणं कसं थांबवू? चर्च बदलणं पाप आहे का? आणि दशमांश हातात आलेल्या पगारावर द्यायचा की कापाकापीच्या आधीच्या?

जय ख्रिस्त, ताई.

तुमचं पत्र पहिल्यांदा वाचताना मला थोडं हसू आलं. परचेसमध्ये जन्म काढलेला माणूस चर्च निवडतानाही तीन कोटेशनं मागवणारच. दुसऱ्यांदा वाचताना मात्र एका वाक्यापाशी अडले. ‘बाकं कुणाला विकली हे विचारत बसतात, दिलेलं देवाचं झालं, मग असं गिऱ्हाइकासारखं का वागायचं?’ असं तुम्ही लिहिलंय.

इथे मला तुमच्याशी वाद घालायचाय. गिऱ्हाईक हा प्रश्न विचारतच नाही. सराफ्याच्या खाऊगल्लीत भुट्ट्याचा कीस खाल्ला, पैसे दिले, की त्या पैशांचं पुढे काय झालं याच्याशी आपलं देणंघेणं उरत नाही. गल्ल्यात किती आले आणि कुठे गेले, हे विचारतो तो घरातला माणूस.

तुमच्या यजमानांच्या बोलण्यात दोन धागे एकमेकांत गुंतलेत. ‘बाकांचं काय केलंत?’ हा हिशेबाचा. ‘इतकी वर्षं दिलं, आपल्याला मिळालं काय?’ हा मोबदल्याचा. ते दोन्ही एका दमात विचारतात. मग कमिटीचं काम सोपं होतं: मोबदल्याकडे बोट दाखवायचं, ‘बघा, देवाशी सौदा करतोय’ म्हणायचं, आणि हिशेबाच्या प्रश्नाला ताकास तूर लागू द्यायची नाही. माफ करा, पण घरात तुम्हीही तेच करताय.

शिवाय गिऱ्हाइकी कधी एका बाजूने चालत नाही. सेक्रेटरींची ती माइकवरची घोषणा पुन्हा आठवा. चंदा नाही तर लग्न नाही, मयत नाही. बिल थकलं की वीज तोडतात, तीच तऱ्हा. मंडळीच जर प्रार्थनेपासून कबरीपर्यंत प्रत्येक गोष्टीला दर लावू लागली, तर समोरच्याने दर विचारले म्हणून राग कशाला? आपल्या भाषेत ‘एखाद्याला गिऱ्हाईक करणं’ याचा एक वेगळा अर्थ आहे. तो इथे चपखल बसतो.

हे दुखणं जुनं आहे. इंदुरात कॅनडाचे प्रेस्बिटेरियन मिशनरी १८७७मध्ये आले, दहा वर्षांनी ख्रिश्चन कॉलेज निघालं. तुमच्या नगरकडे अमेरिकन मराठी मिशन त्याच्या कितीतरी आधी, १८३१पासून. दोन्हीकडे शाळा, दवाखाने, पगार यांचा मोठा भार बाहेरून येणाऱ्या पैशावर होता. ज्यांनी कॅनडातल्या चर्चांमध्ये नाणी टाकली त्यातल्या बहुतेकांनी इंदूर डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. मिशन देणार, आपण घेणार, ही सवय दोन-तीन पिढ्या अंगात मुरली. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांना ती सलत होती. १९१७मध्ये मिशनचा पगार सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हे ख्रिस्तभक्तांचं बंधुमंडळ मांडलं, आणि दोन वर्षांत ते गेलेच. पुढे परदेशी माणसं गेली, आणि आपण घेणाऱ्याचे एकदम देणारे झालो. मधली पायरी, म्हणजे मिळून घर चालवायला शिकण्याची, पुष्कळ ठिकाणी राहूनच गेली. वही मागितली की आजही कुणाचा तरी अपमान होतो, तो त्यामुळे.

माझे वडील एका छोट्या मंडळीचे खजिनदार होते. रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून अर्पणाची नाणी मोजायचे आणि आईला समोर बसवायचे, दुसरं माणूस हवं म्हणून. (आज कुणी नवरा-बायकोने मोजलेलं चालवून घेऊ नये. तेव्हा चालायचं.) एकदा नोंदीपेक्षा सात रुपये कमी भरले. वडिलांनी ते खिशातून घातले नाहीत. वहीत लिहिलं, ‘सात रुपये कमी.’ मला ते अगदी बावळटपणाचं वाटलं होतं. सात रुपयांसाठी सगळ्या मंडळीसमोर मान खाली का घालायची? आता कळतं, की खिशातून घातले असते तर ती वही त्या दिवसापासून त्यांच्या चांगुलपणावर चालली असती. चांगला माणूस बदलला की मग काय?

‘हिशेब मागणं म्हणजे विश्वास नसणं’ असं तुम्हाला कुणी सुनावलं, तर त्यांना बायबलमधल्या करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा आठवा अध्याय उघडायला सांगा. यरुशलेमच्या गरिबांसाठी गोळा झालेली रक्कम प्रेषित पौल एकट्याने नेत नाही. मंडळ्यांनी नेमलेला माणूस बरोबर घेतो आणि कारणही सांगून टाकतो: रक्कम मोठी आहे, कुणाला बोट ठेवायला जागा नको, देवासमोर तसंच माणसांसमोरही व्यवहार स्वच्छ दिसायला हवा. पौलाने स्वतःवर ऑडिटर बसवून घेतला, तर आपल्या सेक्रेटरींना एवढा राग का यावा? ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातलं भांडण रोजच्या अन्नवाटपावरून आहे. ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांना डावललं जातं, अशी तक्रार येते. प्रेषित कुणालाही गप्प बसवत नाहीत, सात माणसं नेमतात. त्या सातांची नावं वाचून पाहा, सातही नावं ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार, त्यांच्याच हाती कोठाराची किल्ली. हिंदी चर्चमधल्या मूठभर मराठी घरांनी हे जरूर ध्यानात ठेवावं.

आता पाटी.

ताई, मे २०२१ तुम्ही पत्रात एका ओळीत उरकलात. त्या दिवसांत इंदुरात माणूस कसा पोचवला जायचा हे मला ठाऊक आहे. घरातली दोघं-तिघं, बाकी प्लास्टिकच्या पोशाखातली अनोळखी माणसं. ज्या माणसाने आयुष्यभर मंडळीची वही सांभाळली, त्याच्या मयतीला मंडळी नव्हती. त्यात कुणाचा दोष नव्हता. मला वाटतं, ती बारा बाकं म्हणजे तुमच्या यजमानांनी एका वर्षाने केलेली वडिलांची मयत होती: लोक बसतील, उठतील, नाव वाचतील. मग एक दिवस ते नाव रंगाच्या डब्यांमागे सापडलं. ते १ लाख ३२ हजारांचं बोलतात, कारण परचेसच्या माणसाला रक्कम बोलता येते. दुसरं काही बोलता येत नाही म्हणून ते विजयनगरच्या पार्किंगचं कौतुक करतात.

म्हणून त्यांच्या ग्राहकवृत्तीवर प्रवचन देऊ नका. ते दुखणं नीट बोललं गेलं तर मोबदल्याची निम्मी भाषा आपोआप गळून पडेल. निम्मी म्हणते, सगळी नाही. कारण देताना पाटी मागितली तेव्हा थोडा व्यवहार झालाच होता, आणि हे सांगायला त्यांना तुम्हीच हव्यात, मी नाही. मिझोरमच्या प्रेस्बिटेरियन घरांमध्ये १९१०पासून एक रीत आहे: स्वयंपाकाला तांदूळ काढताना बाई एक मूठ बाजूला ठेवते आणि ती मंडळीला जाते. त्या मुठीवर कुणाचं नाव घालणार? इथे तर माइकवरून अकरा हजारवाल्याचं नाव आधी आणि सासूबाईंच्या पेन्शनमधल्या दोनशेंचं नावच नाही. विधवेच्या दोन दमड्यांवर उपदेश झाला की लगेच देणगीदारांची यादी वाचायची, ही आपल्याकडची खास कला आहे.

काय करता येईल ते सांगते. सगळं एकदम करू नका.

पत्रं दोन लिहा, दोन वेगळी. पहिलं पास्टरना, व्यक्तिगत. त्यात पैशाचा एक शब्द नको. बाबांची पाटी कुठे सापडली, घरच्यांना काय वाटलं आणि ती चर्चमध्ये सन्मानाने कुठे लावता येईल, एवढंच. शक्य असेल तर हे पत्र पाठवू नका, यजमानांनी ते हातात घेऊन जावं. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात क्रम दिलाय: आधी एकट्याने भेटायचं, मग एक-दोघांना घेऊन, मग मंडळीसमोर. आपण उलट्या क्रमाने जातो. आधी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, मग भेट.

दुसरं पत्र कमिटीला, कोरडं आणि मुद्द्याचं. बाकं काढण्याचा ठराव कोणत्या सभेत झाला? किती विकली, कितीला, कुणाला? रक्कम कोणत्या खात्यात जमा झाली? चार ओळी, तारीख, पोच. ‘तुमचा कारभार संशयास्पद आहे’ असलं वाक्य त्यात आलं की उत्तर न देण्याचं कारण तुम्हीच हातात दिलंत. असंही निघू शकेल, की बाकं कुठल्या खेड्यातल्या गरीब मंडळीला फुकट दिली आणि कुणी नोंदच केली नाही. गबाळेपणा आणि चोरी बाहेरून अगदी सारखी दिसतात.

यजमानांनी चंदा बंद केला, ती डावपेचाची चूक झाली. पुष्कळ चर्चांच्या नियमांत मताचा हक्क चंद्याशी बांधलेला असतो. तुमच्या चर्चची नियमावली मागून वाचा. तसं असेल तर ज्या सभेत प्रश्न विचारायचा, तिथला हातच त्यांनी स्वतः बांधून घेतला. चंदा चालू करा, चर्चच्या खात्यात, पावतीसह. जादा देणग्या मात्र उत्तर येईपर्यंत थांबवल्या तर त्यात गैर काही नाही, आणि तसं कमिटीला स्पष्ट सांगावं. आजकाल दाराशी लावलेला क्यूआर कोड स्कॅन केल्यावर कुणाचं नाव येतं, तेही पाहत जा. चर्चच्या नावाऐवजी एखाद्या माणसाचं नाव आलं, तर पैसे पाठवण्याआधी विचारा. हे मी सगळ्याच वाचकांना सांगते, देऊळ, दर्गा, गणेशोत्सव मंडळ, कुठलंही असो.

कमिटीने दाद दिलीच नाही तर चर्चच्या वरच्या मंडळाकडे जाता येतं. त्यापलीकडे कायदाही आहे. तुमचं चर्च सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेलं असेल, तर मध्य प्रदेशात १९५१चा सार्वजनिक न्यास कायदा लागू होतो. हिशेब ठेवणं आणि तपासून घेणं न्यासाला बंधनकारक आहे, आणि न्यासांचा निबंधक म्हणजे जिल्ह्याचा कलेक्टर. तो दरवाजा कुठे आहे हे माहीत असावं. पहिल्याच आठवड्यात तो ठोठावू नका. बारा बाकांसाठी मंडळी कलेक्टर कचेरीत उभी राहिली, तर तुमच्या सासूबाईंना ते सोसायचं नाही.

आता विजयनगर. चर्च बदलणं पाप आहे असं मी म्हणणार नाही. लोक लग्नाने, बदलीने, भाषेने, कधी घुसमटीनेही चर्च बदलतात. तुमच्या लेकीला तिथे जावंसं वाटतं, त्याला लगेच चंगळवाद म्हणू नका. चौदाव्या वर्षी तिला आपल्या वयाची माणसं हवीत आणि जुन्या चर्चमध्ये तिला कुणी काही करायलाच देत नसेल. एखाद्या शनिवारी तिला तिथल्या तरुणांच्या सभेला जाऊ द्या की. त्यासाठी अख्ख्या घराचं बिऱ्हाड हलवायची गरज नाही.

पण यजमान कोटेशनं मागवतच असतील, तर रकाने बरोबर असू देत. एसी खोडून टाका. जमाखर्च वर्षातून एकदा सर्वांसमोर वाचला जातो का? पास्टरला ‘नाही’ म्हणू शकेल असं कुणी आहे, की ट्रस्टी म्हणजे त्यांचीच बायको आणि मेहुणा? रात्री दोन वाजता दवाखान्यात कोण येईल? उद्या लेकीचं लग्न निघालं तर ते कोण लावणार? १८७२च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे बायबल हातात घेतलेल्या प्रत्येकाला लग्न लावता येत नाही. काही परंपरांचे दीक्षित पाळक, परवाना मिळालेले सेवक किंवा विवाह निबंधक यांनाच तो अधिकार आहे. विचारून ठेवा.

आणि ते शंभरपटीचं. इथे मी मऊ बोलणार नाही. जुन्या चर्चमध्ये मोबदला मिळाला नाही म्हणून चिडलेला माणूस, मोबदल्याची जाहिरात करणाऱ्या जागी निघालाय. तिथे परतावा आला तर शिकवण खरी आणि नाही आला तर तुमचा विश्वास कमी. अशा धंद्यात तोटा नेहमी गिऱ्हाइकाचाच. मलाखी संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायातलं दशमांशाचं वचन दर रविवारी वाचणाऱ्यांना एकदा विचारा, की त्याच पुस्तकाचे आधीचे दोन अध्याय कधी वाचणार? तिथे मलाखी आधी याजकांना झोडपतो, लंगडी-आजारी जनावरं वेदीवर चालवून घेता म्हणून.

यातूनच तुमचा शेवटचा प्रश्न सुटतो. कापण्याआधीचा पगार की नंतरचा? बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात दशमांशाची मोठी गंमत आहे. तो घेऊन देवाच्या ठिकाणी जायचं आणि घरच्यांसह आनंदाने खायचा. वाट लांबची असेल तर विकून पैसे न्यायचे आणि तिथे मनाला येईल ते विकत घ्यायचं. दर तिसऱ्या वर्षी तो आपल्याच गावातल्या लेवी (मंदिरसेवेचा वंश), परके, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी ठेवायचा. यात पीएफ कुठे बसवणार? येशूनेही पुदिना, शेप आणि जिऱ्याचा दशमांश मोजणाऱ्यांना न्याय आणि दयेची आठवण दिली. पौल तर टक्केवारी सांगतच नाही. आठवड्याच्या पहिल्या दिवशी, आपापल्या मिळकतीप्रमाणे काहीतरी बाजूला ठेवा, एवढंच म्हणतो. तुम्ही दोघांनी बसून एक आकडा ठरवा, दहा टक्के असो वा सहा. त्यातलं सगळं एकाच थाळीत जायला हवं असंही नाही.

‘दोघांनी बसून’ म्हटलं, कारण तुमच्या त्या १५०० रुपयांबद्दल बोलायचं राहिलंय. पगार तुमचा, तो देण्याचा हक्कही तुमचा. त्याला नवऱ्याची परवानगी लागत नाही. पण उजव्या हाताचं डाव्याला कळू नये, हे वचन तुम्ही पत्रात जिथे वापरलंत तिथे ते बसत नाही. ते लोकांपुढच्या देखाव्याबद्दल आहे. नवऱ्यापासून लपवण्याबद्दल नाही. कमिटी हिशेब सांगत नाही म्हणून तुमचं घर पेटलंय आणि घरातही एक लिफाफा असा आहे ज्याची नोंद कुठे नाही. उद्या तो त्यांना दुसऱ्याच कुणाकडून कळला, तर बाकांपेक्षा जास्त लागेल. आधी तुम्ही सांगा. ते चिडतील. चिडू द्या.

सासूबाईंना मात्र कुठेही हलवू नका. रविवारी त्यांना जुन्या चर्चमध्ये सोडायला कुणीतरी जावं, आणि शक्यतो ते यजमानच असावेत.

एक शेवटचं. कमिटीचं उत्तर आलं आणि बाकं अजून कुठल्या गोदामात किंवा फर्निचरवाल्याकडे पडून असल्याचं कळलं, तर एक परत घ्या. फुकट मागू नका. भाव करा, पैसे मोजा, पक्की पावती घ्या. ते काम तुमच्या यजमानांइतकं चांगलं कुणाला जमणार? मराठी सभेची पाळी तुमच्या घरी आली की ते सतरंजीच्या कडेला, भिंतीशी ठेवा. सासूबाईंना टेकून बसता येईल.